पट एक, हजर एक

अक्का, तुमच्या तेराव्याला जेवून उठलेल्या निम्म्या माणसांनी मला एकच गोष्ट विचारली. "आता त्या भंगाराचं काय?" कुणी हात पुसता पुसता विचारलं, कुणी सुपारी कातरता कातरता. मी सगळ्यांना "बघू" म्हणाले. भंगार म्हणू नका, असं एकालाही म्हणता आलं नाही. कसं म्हणणार? तो शब्द आपल्या घरात पहिल्यांदा मीच आणला होता, तुम्ही ओसरीवर रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून ठेवलात त्या दिवशी. "अक्का, हे भंगार कुठं ठेवायचं ठरवलंय?" मी विचारलं, आणि तुम्ही त्यावरून ओला फडका फिरवत म्हणालात, "भंगार म्हणू नगं. माझ्या शाळेचा आवाज हाय त्यो."

तुम्ही हे वाचणार नाही, एवढं मला कळतं. तरी लिहायला बसले आहे, कारण आपलं बोलणं अर्धवट राहिलंय आणि घरात आता माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही. तुमचे बंधू भांडत नाहीत. ते टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही गेल्यापासून तर तेही करत नाहीत, नुसते बंद टीव्हीसमोर बसून राहतात.

नणंद-भावजयीचं म्हणे मानपानावरून बिनसतं. आपलं त्यावरून कधीच बिनसलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मुखेडकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतात. मी पुढं लातूरला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. दिवाळीला सगळे उदगीरला तुमच्या घरी जमलो की बाकीच्या बायका निमूट करंज्या भरायच्या आणि आपण दोघी पहिलीच्या पोराला आधी पाटी द्यावी की वही, यावरून हमरीतुमरीवर यायचो. तेलात करंज्या फुटायच्या, सासूबाई ओरडायच्या, पण आपला वाद काही मिटायचा नाही. तो अजून मिटलेला नाही. माझं मत वहीचं होतं आणि आहे.

तो रुळाचा तुकडा मात्र तुम्ही कसा मिळवलात ते मी कितीदा सांगितलं असेल लोकांना. तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमारास शाळेत विजेची घंटा आली. लिंबाला तारेनं टांगलेला तुकडा खाली उतरवून संडासामागं टाकून दिला. तुम्ही मागायला गेलात तर कळलं, असा देता येत नाही. सरकारी वस्तू म्हातारी झाली तरी तिची सुखासुखी सुटका नसते. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ही वस्तू आता बाद झाली, असं साहेबानं लिहून द्यावं लागतं. मग लिलाव, मग भंगारवाल्याचा हातगाडा. तुम्ही त्या लिलावात भंगारवाल्याच्या शेजारी पदर खोचून उभ्या राहिलात आणि तुकडा घेऊनच हललात. वर एसटीत कंडक्टरनं त्याला लगेज लावलं म्हणून मुखेडपासून उदगीरपर्यंत त्याच्याशी भांडत आलात. "माझ्या मांडीवर घेतलाय, शिटावर न्हाई," असं तुमचं म्हणणं.

तिथून सुरुवात झाली. कुठल्याही शाळेत निर्लेखन निघालं की तुम्हाला फोन यायला लागले. तरटाच्या पट्ट्या आल्या, ज्यांच्यावर बसून आपल्या दोन पिढ्यांच्या मांड्यांवर जाळी उमटली. शाई वाळून तळाला चिकटलेल्या दौती आल्या. दक्षिण ध्रुव उंदरानं खाल्लेला पृथ्वीगोल आला. आपला सगळा मुलुख हैदराबाद संस्थानात दाखवणारा कापडी नकाशा आला. एक नावाची पाटी आली, पुढच्या बाजूला मराठीत 'प्राथमिक शाळा' लिहिलेली. तुम्ही ती उलटी केलीत तर मागं उर्दू अक्षरं. उर्दू शाळेतल्या एका बाईंनी वाचून दाखवलं, 'मदरसा तहतानिया'. म्हणजे प्राथमिक शाळाच. निजाम गेला तेव्हा कुणीतरी पाटी फिरवून मागच्या बाजूला मराठी रंगवलं होतं. तुम्ही कितीतरी वेळ ती पाटी अशी तशी फिरवत बसलात. "आपले बाबा मागच्या बाजूनं शिकले आन् मी पुढच्या," एवढंच म्हणालात.

घर भरलं. तुमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी मोजमापांची पेटी येऊन बसली, तेव्हा गावातल्या एका जुन्या हायस्कुलानं मागच्या दोन रिकाम्या खोल्या तुम्हाला दिल्या. तिथं तुम्ही नियम केलात. धूळ झटकायची, बाकी काही करायचं नाही. मोडलेलं जोडायचं नाही, पुसट झालेलं गिरवायचं नाही, आणि रंग तर मुळीच नाही. आपल्याकडं शाळेत जुनं काही दिसलं की त्याला ऑइलपेंट मारायचा, ही रीतच. तपासणी आली, पेंट. सव्वीस जानेवारी आली, पेंट. एका वर्षी शाळेचा शिपाई चांगल्या मनानं चॉकलेटी रंगाचा डबा घेऊन आला, अक्कांचे बाक चकाचक करून टाकू म्हणून. बाकांवर कर्कटकानं कोरलेली नावं होती, बाण लागलेली बदामं होती, एका ठिकाणी नुसतंच 'गणित' लिहून त्यावर फुली होती. तुम्ही त्या बाकावर जाऊन बसलात आणि जेवणाचा डबा उघडलात. "माझं जेवण व्हऊ दे, मंग मार." आणि संध्याकाळपर्यंत जेवत राहिलात. मी त्या दिवशी तिथं होते. शेवटी तो शिपाईही शेजारी बसून तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायला लागला.

छडीवरून मात्र आपलं खरं भांडण झालं. मी म्हणाले, ती ठेवू नका, पोरं येतात इथं. तुम्ही म्हणालात, "ठिवली न्हाई तर आपण कुनाला कधी मारलंच न्हाई आसं व्हईल." खिळ्याला टांगलीत. तिच्याखाली काही लिहिलंही नाहीत. मी रागानं दोन महिने तिकडं फिरकले नाही. नंतर आले तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसून दाखवलंत. साठीचे गृहस्थ, चांगले अडत दुकानवाले, हसत हसत आत आले, दौती बघितल्या, गोल फिरवला, आणि छडीसमोर आल्यावर त्यांचा हात आपोआप पँटवर घासला गेला. "बघ," तुम्ही म्हणालात. मी बघितलं. तेव्हा कबूल केलं नाही, आज करते. तुमचं बरोबर होतं.

पण फळ्याचं काय, अक्का? फळ्याच्या बाबतीत कुणाचं बरोबर होतं?

मुखेडच्याही पुढं एक वस्तीवजा गाव. तिथल्या शाळेचा पट घटत घटत तीनवर आला होता. ती तीन लेकरं शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेत पाठवायचं ठरलं आणि शाळा बंद झाली. तिथल्या गुरुजींनी बदलीच्या गावी जाण्याआधी तुम्हाला फोन केला. मी तेव्हा उदगीरलाच होते. "चल गं विज्ञानवाली बाई, फोटू काढाय ये," म्हणून तुम्ही मला टेम्पोत घातलंत.

एकच खोली. खिडकीशी लाकडी तिवईवर फळा. आणि फळ्यावर शाळेचा शेवटचा दिवस तसाच्या तसा. कोपऱ्यात वार. त्याखाली वेड्यावाकड्या, लहान हाताच्या अक्षरात: पट ३, हजर ३, गैरहजर ०. वर सुविचार, नेहमी खरे बोलावे. मधोमध एक वजाबाकी, हातचा घेतलेला आणि पुढं सोडून दिलेली. गुरुजी म्हणाले, तिसरीतल्या पोरीनं लिहिलंय, तीच मॉनिटर. सगळे हजर म्हटल्यावर शून्य काढताना फार खूश होती. त्या शून्याला तिनं दोनदा गिरवलं होतं. मला गलबलून आलं. माझे हात टेम्पोतल्या दोरीनं मळले होते. हात धुवून मग नीट फोटो काढू, म्हणून मी हापशावर गेले.

परत आले तर फळा काळाभोर. तुम्ही समोर उभ्या, हातात डस्टर, पदरावर खडूची भुकटी. तुमचा चेहरा मला बघवला नाही.

"अक्का, हे काय केलंत?"

"हात गेला गं." तुम्ही डस्टरकडं बघत म्हणालात. "वर्गात पाय टाकला, फळा भरलेला दिसला, आन् हात गेला. मला कळलंच न्हाई."

ज्या बाईनं रंगाच्या डब्यासमोर दिवसभर बाक सोडला नाही, तिनं. हे दुसऱ्या कुणाला सांगून समजणार नाही. ज्यानं आयुष्यभर वर्गात शिरताक्षणी आधीच्या तासाचं पुसलं, त्यालाच समजेल. गुरुजींना समजलं. तुमच्या हातातून डस्टर घेऊन त्यांनी ते खिडकीत ठेवलं. मला समजत असूनही मी संतापले होते. परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्यानं गाणी लावली आणि आपण दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत बसलो. रात्री तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तुम्ही उसनं अवसान आणून माझ्यावरच चाल केलीत. "फळा पुसायसाठीच आसतो. न पुसलेला फळा म्हंजी नुसतं लाकूड. पुसल्याबिगर पुढचा तास सुरू व्हत न्हाई, तूबी शिकीवलंस की."

"पुढचा तासच नव्हता, अक्का," मी म्हणाले. "शाळा बंद झाली होती."

तुम्ही कप खाली ठेवलात. मी खोटं बोलले नव्हते, पण तो खाली ठेवलेला कप मला अजून दिसतो.

मग तुमच्या डोक्यात आलं की त्या पोरीला बोलवावं आणि तिच्याकडून सगळं परत लिहून घ्यावं. तीच पोरगी, तेच अक्षर, काय बिघडलं? मी म्हणाले, ते नाटक होईल. पट तीन नाही, हजर तीन नाही, आणि आपण तिला लिहायला लावणार. वर सुविचार काय तर नेहमी खरे बोलावे. तुम्हाला हसू आलं आणि तुम्ही तो नाद सोडलात. पण फळ्याखाली तुम्ही जो पुठ्ठा लावलात तो वाचून मी कपाळावर हात मारला. 'या फळ्यावर शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलांनी लिहिलेले होते. ते सुलोचना या निवृत्त शिक्षिकेने पुसले.' शिक्षण खात्याचे साहेब आले, त्यांनीही वाचलं. मी म्हणाले, स्वतःची अशी जाहीर बेअब्रू कशाला? तुम्ही म्हणालात, "हितं परत्येक वस्तूचं खरं लिव्हलंय. ह्याचंच का न्हाई?"

आणि त्याच फळ्यावर तुम्ही रोज लिहायला लागलात. सकाळी खोली उघडायची, कालचं पुसायचं, कोपऱ्यात वार लिहायचा आणि त्याखाली पट एक, हजर एक. कुणी बघायला आलं की हजरचा आकडा वाढवायचा. एकदा एका गावची भजनी मंडळी आली आणि तुम्ही पट एक, हजर अकरा करून ठेवलंत. मी म्हणाले, विज्ञानाचं सोडा, पण साधं गणित तरी पाळा, पटापेक्षा हजर जास्त कसे होतील? "पाव्हणे हायती की," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं बघून, खडू हातातच, "तुजं नाव टाकू का पटावर? दोन व्हतील."

"मला नका ओढू तुमच्या शाळेत. मी पाहुणीच बरी."

"बरं," तुम्ही म्हणालात. पण नंतर दर खेपेला विचारायला लागलात. मी बसमधून उतरून आले की पिशवी टेकवायच्या आत, "काय, टाकू का पटावर?" आणि मी दर खेपेला उडवून लावायचे. आपली ती थट्टाच होऊन बसली होती. थट्टाच आहे असं मी धरून चालले. तुमचं वय होत चाललंय, तुम्ही खोलीच्या पायऱ्या चढताना चौकटीला धरताय, हे मला दिसत होतं. मला वाटायचं, हो म्हटलं की लातूरचं घर, माझं मोकळं म्हातारपण, सगळं त्या दोन खोल्यांना वाहून जाईल. नोकरी संपल्यावर परत शाळेची किल्ली कमरेला लावायची माझी तयारी नव्हती.

लातूरच्या दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती. यांना तुम्ही ओळखलंत, "इलास, जेवलास का," विचारलंत. ते बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग तुम्ही माझा हात शोधलात. नळीमुळं शब्द तुटत होते.

"शैला. पटावर घिऊ का तुला?"

या वेळी ती थट्टा नव्हती. तुम्हालाही माहीत होतं, मलाही. आणि मी काय केलं, तुमची चादर नीट केली. "आधी बऱ्या होऊन घरी चला," म्हणाले, "मग बघू."

हो म्हटलं असतं तर तुम्ही जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं, अक्का. म्हणून म्हणाले नाही. तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत, आणि माझं ते 'बघू' तुमच्या कानात शेवटचं राहिलं की नाही, हे मला आता कोण सांगणार? तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नाही. तेराव्याला वाढपी बायकांच्या मागं उभी राहून, कुणीतरी शेंगदाण्याची चटणी संपली म्हणाल्यावर रडले.

त्याच दिवशी हायस्कुलाचे सचिव येऊन गेले. माणूस चांगला. तुमच्या फोटोला हार घातला, चहा घेतला, आणि मान खाली घालूनच बोलले. "बाई, आमाला त्या खोल्या लागायल्यात. अक्का व्हत्या तवर आमी शब्द काढला न्हाई. आता तुमच्यातलं कुणी जबाबदार माणूस आसंल तर ठिवू आमी, काय आडचन न्हाई. न्हाईतर मंग निर्लेखन करून टाकावं लागंल." ज्या शब्दाच्या तोंडातून तुम्ही एकेक दौत ओढून आणलीत, तोच शब्द तुमच्या फोटोखाली बसून कुणीतरी बोललं. त्यांनाही मी "बघू"च म्हणाले.

आणि मग फोन आला. एका शाळेतल्या बाईंचा, तुमच्या मोबाइलवर. त्यांना काही माहीत नव्हतं. अक्कांनी मुलांना घेऊन या म्हटलं होतं, शुक्रवारी येतोय, म्हणाल्या. मी गावाचं नाव विचारलं. बंद शाळेतली ती तीन लेकरं ज्या मोठ्या गावात गेली, तेच गाव. म्हणजे तुम्ही नाद सोडला नव्हतात तर! मला न सांगता परस्पर बोलावणं धाडून ठेवलं होतंत. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी फोनवर नुसती हुंकार देत राहिले. येऊ नका म्हणायला तोंड उघडलं होतं. "या," म्हणाले.

आज शुक्रवार. सकाळीच खोली उघडली. तरटाचा, शाईचा, जुन्या लाकडाचा तुमचा तो वास अंगावर आला. छडी खिळ्याला, गोल जागेवर. आणि फळ्यावर तुमचं अक्षर. उजवीकडं कललेलं, काना जरा लांब. त्या सकाळी छातीत कळ यायच्या आधी तुम्ही खोली उघडून लिहून ठेवलं होतंत. कोपऱ्यात वार. त्याखाली पट १. हजर १.

दवाखान्याच्या कागदावर तुम्ही नाहीत. रेशनकार्डावरून यांनी तुमचं नाव काढायला दिलं आहे. सगळ्या जगात या एका ठिकाणी तुम्ही हजर होतात. मुलं येणार म्हणजे फळा लागणार, एवढं मला कळत होतं. डस्टर उचललं. हात वर गेला आणि तिथंच राहिला. पुसलंत म्हणून तुमच्याशी दोन वर्षं भांडले ती मी. फळा पुसायसाठीच असतो असं सांगणाऱ्या तुम्ही. तुमचं ऐकायचं तर तुम्हालाच पुसायला हवं होतं. अक्का, मला नाही झालं. मी डस्टर खाली ठेवलं आणि तुम्ही डबा उघडून बसला होतात त्या बाकावर जाऊन बसले.

मुलं आली. चपलांचा ढीग, कलकलाट, त्यांच्या बाई "रांगेत, रांगेत" करत मागून. दोन वेण्यांची एक पोरगी सरळ फळ्यापाशी गेली आणि तिवईच्या मोडक्या खुंटीवरून तिनं हात फिरवला. "ह्यो आमच्या शाळेतला फळा हाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. मग तुमचा पुठ्ठा वाचला. अक्षर अक्षर लावून, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. "मी लिव्हलं व्हतं त्ये. रोज पुसूनच लिव्हायचो की आमी."

त्यांच्या बाई म्हणाल्या, चला, कोण मॉनिटर, हजेरी मांडा. ती कुठं गेली तरी मॉनिटरच असणार. तिनं डस्टर उचललं. मी उठले. माझं तोंड उघडलं होतं, आणि तिचा हात धरता येईल इतकी मी जवळ होते. मी धरला नाही. तिनं वरून खाली पुसलं, तुम्ही सगळ्यांना शिकवायचात तसं, आडवं नाही, भुकटी उडू नये म्हणून. आधी वार गेला. मग पट. मग तुम्ही.

ती डस्टर झटकायला व्हरांड्याच्या खांबाकडं निघाली. "राहू दे बाळा," मी म्हणाले. "आज झटकू नको." तिनं न विचारता ते माझ्या हातात दिलं. मी ते दोन्ही हातांत धरून उभी राहिले. पांढरं माझ्या साडीला लागत होतं, लागू दिलं.

तिनं खडू घेतला. वार लिहिला, जपून, पाय मोडू न देता. मग वळून खडूनं हवेत एकेक डोकं मोजायला लागली, ओठ हलवत. तिच्या वर्गमैत्रिणी, मुलं, खिडकीशी उभ्या तिच्या बाई. खडू फिरत फिरत माझ्यापाशी आला आणि थांबला.

"बाई, तुमाला धरू का?"

अक्का, या वेळी मी 'बघू' म्हणाले नाही.

"धर," म्हणाले. "पटावर धर."